वर जाऊन करायचं काय?

प्रमोशन कुणाला नको असतं? आयटीवाल्या मंडळींना हा प्रश्न विचारणंच मूर्खपणाचं. पण प्रमोशन मिळाल्यावर सहा महिन्यांनी त्याच माणसाला "मजा येतेय का?" असं विचारून बघा. पहिली पाच सेकंदं तो काहीच बोलत नाही. ती पाच सेकंदं हा आजचा विषय. फक्त ऑफिसातली नाही, इंग्लंडातल्या छोट्या फुटबॉल क्लबांच्या चाहत्यांची.

आधी थोडं बॅकग्राऊंड, कारण आपण आयपीएलवर वाढलेली माणसं. आयपीएलमध्ये शेवटून पहिला आलेला संघ पुढच्या वर्षी त्याच दिमाखात त्याच लीगमध्ये असतो. इंग्लिश फुटबॉलमध्ये तसं नाही. तिथे शिडी आहे. सगळ्यात वर वीस संघांची प्रीमियर लीग, तिच्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, लीग टू, आणि त्याखाली थेट गल्लीपर्यंत पोचणाऱ्या पायऱ्या. दरवर्षी वरचे तळाचे खाली येतात, खालचे वरचे वर जातात. म्हणजे कागदावर तरी तुमच्या गावातला, हजारभर लोकांसमोर खेळणारा संघ एक दिवस लिव्हरपूलशी खेळू शकतो. स्वप्न म्हणून झकासच आहे. प्रश्न असा की ते खरं झाल्यावर चाहत्याच्या पदरात नेमकं काय पडतं?

ल्युटन टाउनचं उदाहरण घेऊ. लंडनच्या उत्तरेचं ल्युटन, विमानतळामुळे नाव ऐकलं असेल. पूर्वी हॅट बनवणाऱ्यांचं गाव, म्हणून संघाचं टोपणनाव 'हॅटर्स'. केनिलवर्थ रोड हे त्यांचं मैदान भर वस्तीत आहे. पाहुण्या संघाच्या चाहत्यांचं प्रवेशद्वार चक्क चाळवजा घरांच्या रांगेत, आणि जिना चढताना खाली लोकांची परसदारं दिसतात. या क्लबचं नशीबही अजब. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली, आणि त्याच वर्षी ते वरच्या लीगमधून खाली घसरले. पुढे आर्थिक भानगडींपायी २००८-०९ च्या मोसमात तब्बल ३० गुण कापले गेले आणि गडी फुटबॉल लीगच्याच बाहेर. पाच वर्षं त्या अंधारात काढून २०१४ साली परत. मग एकेक पायरी चढत २७ मे २०२३ ला वेंब्लीवर कॉव्हेन्ट्रीला पेनल्टी शूटआउटमध्ये ६-५ ने हरवून थेट प्रीमियर लीगमध्ये. या एका सामन्याची किंमत किमान १७ कोटी पौंड असा डेलॉइटचा अंदाज होता.

इथे सिनेमा संपायला हवा. पण आपल्याला इंटरव्हलनंतरचं बघायचंय.

वर जाण्याआधीच्या मोसमात, म्हणजे २०२२-२३ मध्ये, ल्युटनने ४६ पैकी २१ सामने जिंकले आणि फक्त ८ हरले. पुढच्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये ३८ पैकी ६ जिंकले, २४ हरले. अठरावा नंबर, परत खाली. म्हणजे हिशोब बघा: सामने आठने कमी, विजय पंधराने कमी, पराभव तिप्पट. एखाद्या प्रॉडक्टचं नवं व्हर्जन असं निघालं असतं तर आपण त्याच रात्री रोलबॅक केलं असतं!

आणि ल्युटनची अवस्था तरी बरी म्हणायची. डार्बी काउंटी २००७ साली असेच प्लेऑफ जिंकून वर गेले आणि २००७-०८ च्या अख्ख्या मोसमात एक सामना जिंकले. एक! एकूण गुण ११, आणि मार्चमध्येच खाली जाणं नक्की. साउदॅम्प्टनने २०२४-२५ मध्ये १२ गुण मिळवले, म्हणजे डार्बीचा तो विक्रम एका गुणाने हुकला. २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी लागोपाठ दोन वर्षं वर आलेले तिन्हीच्या तिन्ही संघ लगेच खाली गेले. पुढे संडरलंडसारख्यांनी ही साखळी तोडली, पण वर येणाऱ्याने धास्तावून यावं अशीच ही आकडेवारी.

आकडे सोडा. शनिवारची दुपारच बदलते. इंग्लंडात शनिवारी तीन वाजता मॅच हा जवळपास धर्म आहे. (आपल्याकडे तेव्हा थंडीत रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात.) त्या वेळचे सामने तिथल्या टीव्हीवर दाखवतच नाहीत, लोकांनी मैदानावर जावं म्हणून. प्रीमियर लीगमध्ये गेलात की तुमचा सामना शुक्रवारी रात्री, रविवारी दुपारी, सोमवारी रात्री, टीव्ही म्हणेल तेव्हा. आपण इथे पुण्या-मुंबईत सोफ्यावर बसून जी मॅच बघतो ना, तिच्यासाठी कुणीतरी सोमवारी रात्री अडीचशे किलोमीटर गाडी हाकत घरी जात असतो आणि मंगळवारी सकाळी कामावर असतो. आपली सोय ही त्याची गैरसोय आहे, हे जरा अवघड वाटलं तरी खरं आहे.

वरून तो व्हीएआर. चॅम्पियनशिपच्या साध्या लीग सामन्यांत व्हीएआर नाही. गोल झाला की झाला, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारायची आणि ओरडायचं. प्रीमियर लीगमध्ये गोल झाला की आधी रेफरीकडे बघायचं. त्याचा हात कानाकडे गेला, की मिठी अर्धवट सोडून उभं राहायचं. ल्युटनला याची चव वेंब्लीवरच मिळाली होती. अंतिम सामन्याच्या जादा वेळात, अगदी शेवटाकडे, जो टेलरने गोल केला, सगळे वेडे झाले, आणि व्हीएआरने हाताला लागला म्हणून तो रद्द केला. नव्या घराच्या उंबऱ्यावरच नियमावली हातात ठेवल्यासारखं.

तर मग निष्कर्ष सोपा आहे नाही का? छोट्यांनी छोटंच राहावं. दर शनिवारी जिंकावं, ओळखीच्या चार माणसांबरोबर पाय आणि बोव्ह्रिल चापावं आणि सुखाने घरी जावं. असं म्हणणारे चाहतेही खरोखर असतात.

मला हे पटत नाही. आणि कारण निव्वळ भावनिक नाही.

खालच्या लीगमधल्या विजयाला जी चव आहे ती वरच्या उघड्या दारामुळे आहे. ते दार बंद करा, आणि मग फेब्रुवारीतल्या पावसात स्टोकला १-० ने हरवण्यात काय उरतं? तीन गुण. कशासाठीचे? वर जायचंच नसेल तर ते गुण म्हणजे नुसता स्कोअर. "वर गेल्यावर मजा येत नाही, म्हणून जाऊच नये" म्हणणारा माणूस ज्या मजेवर जगतोय ती मजाच वर जाण्याच्या शक्यतेतून आलेली आहे.

दुसरं म्हणजे चाहता आनंदाची सरासरी काढत नाही. ते आपण एक्सेलवाले काढतो. ल्युटनच्या माणसाला विचारलं तर तो २४ पराभव मोजणार नाही. तो सांगेल नोव्हेंबर २०२३ ची लिव्हरपूलविरुद्धची १-१, जी पंच्याण्णवाव्या मिनिटापर्यंत १-० होती. न्यूकासलला जाऊन केलेली ४-४. ब्रायटनला दिलेले चार. आर्सेनलकडून सत्त्याण्णवाव्या मिनिटाला खाल्लेला गोल आणि ३-४ चा पराभव, तोही सांगेल, आणि शिव्या घालत का होईना, मिटक्या मारत सांगेल. चौदा वर्षांपूर्वी जो क्लब लीगच्याच बाहेर फेकला गेला होता, त्याला हरवायला आर्सेनलला सत्त्याण्णव मिनिटं लागली! हे सुख सहा विजयांच्या हिशोबात कुठे बसवणार?

म्हणजे हरणं हा प्रश्नच नाहीये. छोट्या क्लबाच्या चाहत्याला हरायची सवय असते, तो त्यात तयार झालेला गडी असतो. मग वर जाण्यात खरंच काय हरवू शकतं? माझ्या मते एकच गोष्ट: क्लब 'आपला' असणं.

ब्लॅकपूलची गोष्ट बघा. समुद्रकाठचं जुनं सुट्टीचं गाव. २०१० साली इयन हॉलोवेच्या हाताखाली कार्डिफला ३-२ ने हरवून वर आले. पहिल्याच सामन्यात विगनला ४-०. लिव्हरपूलला दोन्ही वेळा हरवलं. ५५ गोल मारले, ३९ गुण कमावले आणि शेवटच्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवर हरून खाली गेले. चाहते यावर चिडले का? अजिबात नाही, ते वर्ष ते आजही काळजाशी धरून आहेत. चिडले ते पैशावर. त्या मोसमात १.१ कोटी पौंड मालक ओवेन ऑयस्टन यांच्या कंपनीला गेले. २०१७ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने ऑयस्टन कुटुंबाने क्लब अवैधपणे उपसला असा निकाल दिला आणि भागीदार बेलोकॉन यांना ३.१ कोटी पौंडांच्या वर द्यायला सांगितलं. तोपर्यंत क्लब २०१६ मध्ये चौथ्या पायरीपर्यंत घसरला होता. हजारो चाहत्यांनी मैदानावर पाऊल टाकणं बंद केलं होतं. आपल्याच संघाची मॅच चालू असताना बाहेर उभं राहायचं! वर्षानुवर्षं! मार्च २०१९ मध्ये मालक बाजूला झाल्यावर ते परत आले, आणि त्या दिवशी पंधरा हजारांच्या वर लोक होते. सामना लीग वनचा, म्हणजे तिसऱ्या पायरीचा. त्या गर्दीला कुठल्या पायरीवर आहोत याच्याशी देणंघेणं नव्हतं.

पुणेकरांना यातला दुसरा धागा जवळचा आहे. आपल्या वेंकीजने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून घसरला, २०१७ मध्ये आणखी खाली. २०१२ च्या त्या विगनविरुद्धच्या सामन्यात कुणीतरी क्लबाच्या रंगात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. आपण हसलो. पण ब्लॅकबर्नच्या माणसाचं म्हणणं साधं होतं: हजारो मैलांवरून घेतलेल्या निर्णयात आम्ही कुठे आहोत?

याउलट एएफसी विम्बल्डन. त्यांचा मूळ क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा २००२ साली चाहत्यांनी स्वतःचा क्लब काढला आणि नवव्या पायरीपासून सुरुवात केली. २०११ ला फुटबॉल लीगमध्ये, २०१६ ला लीग वनमध्ये. चौदा मोसमांत सहा प्रमोशनं. पुढे नव्या मैदानासाठी पैसे कमी पडले तेव्हा बाँड काढले, आणि २०२० मध्ये प्लाउ लेनवर, आपल्या जुन्या मोहल्ल्यात परत गेले. २०२२ ला घसरले, २०२५ ला पुन्हा वर. प्रीमियर लीग अजून लांबच आहे. पण वर जाताना काय विकायचं आणि काय नाही, हे तिथे बॉक्समधले चार सूटवाले ठरवत नाहीत.

आणि आपलं ल्युटन? त्यांची घसरण खालीच थांबली नाही, २०२५ मध्ये ते तिसऱ्या पायरीवर आले. पण एक गोष्ट त्यांनी आधीच करून ठेवली होती. २०१४ सालीच क्लबाचं नाव, रंग, बिल्ला बदलायचा तर चाहत्यांच्या ट्रस्टची संमती लागेल, असा कायदेशीर हक्क ट्रस्टला दिला गेला. वर जायच्या नऊ वर्षं आधी! बॅकअप हा डिझॅस्टरच्या आधी घ्यायचा असतो, हे आपल्या धंद्यातलं ज्ञान त्यांना बरोब्बर कळलेलं दिसतं. इंग्लंडने २०२५ मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला, त्यातही मैदान आणि ओळख वाचवण्याच्या तरतुदी आहेत. उशिरा का होईना.

ब्रायटन आणि ब्रेंटफर्ड वर जाऊन टिकले, हेही खरं. दोन्हीकडे मालक मूळचेच कट्टर चाहते, आणि दोघांनीही पैसा आकडेमोडीच्या जोरावर कमावलेला. पण असा मालक मिळणं ही लॉटरी आहे. लॉटरीच्या भरवशावर गावाची शनिवार दुपार कशी ठेवणार?

तेव्हा छोट्या क्लबाच्या चाहत्याला वर जाऊन खरंच मजा येईल का? माझं उत्तर: येईल. हरून येईल, शिव्या घालत येईल, सोमवारी रात्री अडीच वाजता घरी पोचून येईल. फक्त वर चढताना शिडी कुणी धरलीय आणि घराची किल्ली कुणाच्या खिशात आहे, हे चढण्याआधी बघून घ्यावं. वर गेल्यावर खाली बघायला कुणाला वेळ नसतो.

असो. ही शनिवार रात्र आहे. चॅम्पियनशिपच्या तळाचे दोन संघ खेळतायत, तिकडे पाऊस आहे म्हणे. मी बघणार.