दाताच्या डॉक्टरांनी पाळीचं विचारलं!

गेल्या दिवाळीत माझी भाची चार दिवस राहायला आली होती. वय वर्षे तेवीस. सकाळी ब्रश करताना तिच्या थुंकीत रक्त दिसलं. 'अगं, हे कधीपासून?' तर म्हणाली, 'मावशी, वर्ष झालं असेल. आई म्हणते उष्णता वाढलीय, सब्जा पी.' मीसुद्धा 'मिठाच्या गुळण्या कर' एवढं सांगून मोकळी झाले. आज त्याची लाज वाटते.

पुढे हिरड्या सुजल्या, तोंडाला वास येऊ लागला, तेव्हा आम्ही दोघी बहिणी तिला दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी तपासता तपासता विचारलं, 'पाळी नियमित येते का?' पोरगी काही बोलायच्या आत बहीण म्हणाली, 'हो हो, सगळं व्यवस्थित आहे.' खरं तर दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी यायची नाही आणि पीसीओएसचं निदानही झालेलं होतं. पण स्थळं बघायला सुरुवात झाली होती ना! बाहेर आल्यावर मला म्हणते कशी, 'ताई, दाताच्या डॉक्टरला पाळीचं कशाला हवं?'

मैत्रिणींनो, कशाला हवं तेच आज सांगायचंय.

पीसीओएस हा फक्त अंडाशयाचा आजार नाही. त्यात हार्मोन्सचं गणित बिघडतं. अनेकींच्या शरीरात इन्शुलिन नीट काम करत नाही आणि आतल्या आत बारीकसा दाह सतत चालू राहतो. आता हिरड्यांकडे बघा. दातांच्या कडेला जंतूंचा चिकट थर साचतो, त्याच्याशी लढताना हिरडी सुजते, रक्त येतं. दुर्लक्ष केलं तर दाताला धरून ठेवणारं हाडच झिजतं आणि दात हलू लागतात. शरीरात आधीच दाह असेल तर ही सूज अधिक भडकू शकते. पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये हिरड्यांचे विकार जास्त आढळतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. एकामुळेच दुसरं होतं, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. पण पीसीओएसमध्ये पुढे मधुमेहाचा धोका वाढतो, आणि मधुमेह व हिरड्यांचा आजार एकमेकांना बळ देतात, हे पक्कं ठाऊक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, मूल होण्याच्या वयातल्या 6 ते 13 टक्के स्त्रियांना पीसीओएस असतो आणि जगभरात त्यातल्या 70 टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचा पत्ताच नसतो. म्हणजे आपल्या भिशीच्या घोळक्यातसुद्धा एखादी असणारच!

म्हणून सांगते, रक्त येतंय म्हणून ब्रश करणं सोडू नका. मऊ ब्रशने दोन वेळा, हलक्या हाताने दात घासा. मिशरीला हात लावू नका, ती तंबाखूच आहे. 'दात साफ करून घेतले की हलतात' हा गैरसमज आहे. हलतात ते आजाराने, आणि साचलेलं कीटण तो आजार झाकून ठेवतं. पाळीची तक्रार असेल तर दाताच्या डॉक्टरांना सांगा, हिरड्यांची तक्रार असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठीही सोबत न्या.

आमच्या भाचीचं काय झालं? पुढच्या खेपेला ती एकटीच गेली आणि सगळं खरं सांगून आली. दोन-तीन खेपांत दात साफ झाले, काही आठवड्यांत रक्त थांबलं. पाळीचे उपचार अजून चालू आहेत. बहिणीच्या जिवाला स्थळांचा घोर आहेच. तिला मी एवढंच म्हटलं, 'बाई गं, लोकांपासून लपव हवं तर, पण डॉक्टरपासून लपवलंस तर भोगणार आपलीच पोर.'