कुंती काढू नका, छाटा

आमच्या कोल्हापुरात जुन्या बंगल्यांच्या फाटकाशी कुंती असतेच. कुणी तिला कामिनी म्हणतात. बारमाही हिरवी, आणि वळवाचा पाऊस पडून गेला की पांढऱ्या फुलांनी गल्ली दरवळून टाकणारी. लिंबू आणि कढीपत्ता यांच्याच कुळातली. पान उजेडात धरून पाहा, तेलाचे बारीक ठिपके दिसतील.

दहा-पंधरा वर्षे लक्ष दिले नाही की ती माजते, फाटक अडवते. मग घरातली तरुण पिढी म्हणते, "काढून टाका, गाडीला जागा होईल." आमच्याकडे हा विषय दर दिवाळीला निघतो. कुंती माझ्या पत्नीने लावलेली. ती जाऊन नऊ वर्षे झाली. म्हणून मुलांना वाटते, मी भावनेपोटी अडून बसलोय. थोडे तसे आहेही. पण माझे म्हणणे तेवढेच नाही.

बहुतेक जण माळ्याकडून कुंती वरून-वरून गोल कातरून घेतात. त्याने बाहेर दाट पाने फुटतात, आत उजेड जात नाही आणि पोटात नुसत्या काटक्या राहतात. खरा उपाय वेगळा आहे. सर्वांत जुन्या, जाड फांद्यांपैकी एक तृतीयांश दरवर्षी बुडाजवळून करवतीने काढाव्यात. तीन वर्षांत झाड नवे होते आणि एकही वर्ष बोडके दिसत नाही. हे काम थंडी ओसरल्यावर करावे. भर पावसात जखमा ओल्या राहून कुजतात. आधी बुलबुलाचे घरटे नाही ना, ते मात्र बघावे.

आपल्या शेजारच्या तासगावचे द्राक्षबागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतात. वेलीवर राग म्हणून नव्हे, पीक हवे म्हणून. फुले नव्या फुटीवर येतात, हे कुंतीलाही लागू आहे.

झाड उपटायला दोन गड्यांना अर्धा दिवस पुरतो. तेवढे वाढवायला पंधरा वर्षे लागतात. यंदा फेब्रुवारीत पहिला तृतीयांश भाग काढला. गाडी आत येते, दारही उघडते. मुलांनी उरलेली दोन वर्षे थांबावे, एवढेच मागणे आहे. तोवर मी नसलो, तर करवत कुठे ठेवली आहे ते सुनेला सांगून ठेवले आहे.

असो. तुमच्याकडच्या कुंतीचे काय?