वीसपैकी आठ

हौशी गोल्फपटूच्या मनावरील दडपणाचा विचार करताना सुरुवातीला वेळेचा एक साधा हिशेब मांडावा लागतो. अठरा होलांची एक फेरी पुरी व्हायला चार ते साडेचार तास लागतात. काठी मागे नेऊन चेंडूवर आणण्याची संपूर्ण हालचाल, म्हणजे स्विंग, मात्र दीड-दोन सेकंदांत संपते, आणि त्यामुळे शंभराच्या आसपास फटके घेणारा खेळाडू त्या चार तासांत प्रत्यक्ष खेळत असतो तो जेमतेम तीन मिनिटे. बाकीचा वेळ चालण्यात, गवतात चेंडू धुंडाळण्यात आणि सोबत्यांची पाळी संपण्याची वाट पाहण्यात जातो. बॅडमिंटनमध्ये झालेल्या चुकीची हळहळ करायला समोरून येणारे फूल सवड देत नाही. गोल्फचा चेंडू मात्र जागचा हलत नाही, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला लागणाऱ्या दोनशे पावलांत मागच्या फटक्याची खंत व पुढच्या फटक्याची धास्ती या दोघींनाही मनात ऐसपैस बसायला जागा मिळते. शिवाय ज्याच्या माथी चूक मारावी असा प्रतिस्पर्धी चेंडूला हातही लावत नसतो.

हे दडपण पैशातून येते असे मानण्याचे कारण नाही. हौशी खेळाडूची रोजीरोटी पणाला लागलेली नसते, तरीही पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका जिथून मारला जातो त्या सपाट जागेवर, मागे पाच-सात ओळखीची माणसे उभी असली की पोटात गोळा येतो. अटलांटाचा बॉबी जोन्स आयुष्यभर हौशीच राहिला, वकिली हा त्याचा पेशा होता. १९३० साली त्याने ब्रिटन आणि अमेरिकेतल्या त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांना रामराम ठोकला. स्पर्धेच्या दिवसांत त्याचे वजन काही किलोंनी उतरत असे. १९२१ मध्ये सेंट अँड्र्यूज येथे अकराव्या होलपाशी वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे बंकरमध्ये, अडकल्यावर त्याने वैतागून फेरी अर्धवट सोडून दिली होती, आणि १९२७ मध्ये त्याच मैदानावर त्याने ब्रिटिश ओपन जिंकली. तेव्हा हात थरथरणे हा कौशल्य तोकडे असल्याचा पुरावा मानता येत नाही, एवढे तरी त्याच्या कारकिर्दीवरून म्हणता येते.

दडपणाखाली नेमके काय बिघडते याचा शोध मानसशास्त्राने बराचसा गोल्फच्याच आधारे घेतला आहे, कारण पट, म्हणजे बारीक कातरलेल्या गवतावरून चेंडू घरंगळत भोकापर्यंत नेणारा हलका फटका, प्रयोगशाळेत गालिच्यावरही मांडता येतो. रिच मास्टर्स यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही नवशिक्यांना पटिंगच्या सूचना देऊन शिकवले, तर काहींना सूचना न देता, तोंडाने असंबद्ध अक्षरे उच्चारायला लावून, म्हणजे बुद्धी दुसरीकडे गुंतवून सराव करू दिला. पुढे दडपण आणल्यावर सूचना पाठ असलेल्यांची प्रगती खुंटली, पण ज्यांना आपण काय करतो हे शब्दांत सांगताही आले नसते त्यांचा खेळ सुधारतच राहिला. अंगवळणी पडलेली क्रिया जाणीवपूर्वक तपासायला घेतली की तिचे तुकडे पडतात. जिना उतरताना प्रत्येक पायरीला गुडघा किती वाकतो हे पाहू लागणारा माणूस जसा अडखळतो, तसाच डावे कोपर, उजवा खांदा आणि मनगट यांची एकाच वेळी हजेरी घेणारा खेळाडू चेंडूच्या आधी जमिनीला काठी मारतो.

तथापि ‘विचारच करू नका’ हा जो सल्ला मैदानावर सरसकट वाटला जातो, तो जसाच्या तसा घेण्याजोगा नाही. सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की शक्य तितक्या झटपट पट मारायला सांगितल्यावर निष्णात खेळाडूंची अचूकता वाढते, तर नवशिक्यांची घसरते, कारण नवशिक्याला हालचालीकडे लक्ष देण्याची खरोखरच गरज असते. सरावाच्या मैदानावर कोपराचा विचार करावा आणि फेरीत तो घरी ठेवावा, हे त्यामुळे अधिक रास्त ठरते. डॅनियल वेग्नर यांचा १९९८ चा प्रयोग याहून मजेशीर आहे: पट भोकापलीकडे जाऊ देऊ नका अशी ताकीद मिळालेल्या आणि त्याच वेळी डोक्यात दुसरे ओझे वागवणाऱ्या व्यक्तींचा चेंडू नेमका भोकापलीकडे जाण्याकडे झुकला. जे टाळायचे त्यावर मनाला पहारा ठेवावा लागतो, आणि पहारेकरी थकला की तेच घडते. म्हणून ‘पाण्यात नको’ असे स्वतःला बजावण्यापेक्षा पलीकडच्या काठावरचे एक झाड हेरून त्याच्या रोखाने फटका मारणे केव्हाही बरे. स्वीडनच्या पिया निल्सन आणि अमेरिकेच्या लिन मॅरियट या प्रशिक्षिकांनी यावर एक व्यावहारिक तोड काढली आहे. चेंडूमागे एक काल्पनिक रेषा मानायची. वारा, अंतर, काठीची निवड हे सारे रेषेच्या अलीकडे उरकायचे, आणि रेषा ओलांडली की निर्णय बदलायचा नाही, केवळ फटका मारायचा.

यिप्सचा उल्लेख येथे ओझरताच पुरे. अगदी जवळचा पट मारताना मनगटाला जो अनैच्छिक झटका बसतो त्याला हे नाव आहे. मास्टर्स स्पर्धा १९८५ आणि १९९३ अशी दोनदा जिंकणारा जर्मनीचा बर्नहार्ड लँगर या व्याधीच्या तावडीत अनेकदा सापडला आणि पकड बदलून, लांब दांड्याची काठी घेऊन प्रत्येक वेळी बाहेर पडला. क्लबांतून मात्र तीन फुटांवरचा कोणताही चुकलेला पट यिप्सच्या खात्यावर टाकण्याची रीत पडली आहे, आणि त्यातले बहुतेक पट सराव न केल्यामुळे चुकलेले असतात.

हौशी खेळाडूच्या असमाधानाचे मोठे कारण मात्र स्नायूंत वा मनगटात नसून हिशेबात आहे, आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीनुसार त्याला मिळणारी फटक्यांची सवलत; बहात्तर फटक्यांच्या प्रमाणित अवघडपणाच्या मैदानावर अठरा हँडिकॅपच्या खेळाडूकडून नव्वद फटक्यांची अपेक्षा असते, एवढे सर्वांना ठाऊक असते. तो आकडा कसा निघतो हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत खेळाडूच्या अलीकडच्या २० फेऱ्या घेतल्या जातात, मैदानाच्या अवघडपणानुसार त्यांचे आकडे समपातळीवर आणले जातात, आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांचीच सरासरी काढली जाते. उरलेल्या १२ फेऱ्या या सरासरीत धरल्याच जात नाहीत. आता त्या आठांतल्याही साधारण निम्म्या फेऱ्या सरासरीहून सरस आणि निम्म्या कमअस्सल असणार, म्हणजे वीस फेऱ्यांपैकी चारेकच फेऱ्या हँडिकॅपइतक्या किंवा त्याहून चांगल्या होणार, हे निव्वळ अंकगणित आहे. अठरा हँडिकॅपच्या खेळाडूचे त्र्याण्णव-चौऱ्याण्णव फटके होणे हा त्याचा नेहमीचा रविवार असतो. तो मात्र नव्वदीला आपला रोजचा भाव समजतो, आणि परिणामी पाचांतल्या चार रविवारी ‘आज खेळ बिघडला’ असे म्हणत घरी जातो. आपल्या चांगल्या दिवसांची सरासरी रोजच्या दिवसाकडून वसूल करू पाहणाऱ्याला कोणताही मानसोपचार पुरा पडणार नाही.

ही पद्धत घडवणाऱ्यांनी खेळाडूला वाटते त्याहून बरीच दया दाखवली आहे. एखाद्या होलवर कितीही फटके झाले, तरी हँडिकॅपच्या हिशेबात त्यांना मर्यादा असते: होलची पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर मिळणारी सवलत. पार म्हणजे निष्णात खेळाडूकडून त्या होलवर अपेक्षित असलेले फटके. चार पारच्या होलवर एका फटक्याची सवलत असलेल्या खेळाडूने बंकरमध्ये वाळू उपसत दहा फटके खर्ची घातले, तरी त्याच्या नावे सातच मांडले जातात. खेळाडू मात्र पुढचे तीन होल ते दहा फटके उराशी धरून चालतो.

पार या आकड्याचा धाक तर जगातल्या अव्वल खेळाडूंनाही सुटलेला नाही. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइट्झर या संशोधकांनी अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांमधले पंचवीस लाखांहून अधिक पट तपासले आणि २०११ मध्ये असा निष्कर्ष मांडला की बर्डीसाठी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी करण्यासाठी मारलेल्या पटपेक्षा, तेवढ्याच अंतरावरचा पार राखण्यासाठीचा पट अधिक वेळा भोकात जातो. एक फटका वाचला काय आणि एक फटका वाढला काय, एकूण बेरजेत दोन्हींची किंमत सारखीच. तरीही गमावण्याची भीती कमावण्याच्या आनंदाहून भारी ठरते, हे मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वेर्स्की यांनी मांडलेले तत्त्व इथे हिरवळीवर सिद्ध झालेले दिसते. व्यावसायिकाची निदान ती स्वतःची पार असते. हौशी खेळाडू उसन्या पारपुढे मान खाली घालतो, कारण अठरा हँडिकॅपच्या माणसाची खरी पार चारची नसून पाचची असते, आणि पाच फटक्यांत चेंडू भोकात गेल्यावर त्याने चडफडण्याऐवजी समाधानाने पुढच्या टीकडे चालू लागायला हवे. आठ फुटांवरचा पट जगातले सर्वोत्तम खेळाडूही दोनदा मारून साधारण एकदाच भोकात घालतात. दूरचित्रवाणीवर त्या दिवशी सूर गवसलेल्या आघाडीच्या चार-सहा जणांचाच खेळ दिसत असल्यामुळे प्रेक्षकाचा समज याच्या अगदी उलट होतो.

या दुखण्यावर सर्वांत परिणामकारक औषध एका डॉक्टरानेच शोधून काढले, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड हे इंग्लंडमधील शल्यचिकित्सक लिव्हरपूलजवळच्या वॉलेसी क्लबचे सदस्य होते, आणि समुद्राकाठच्या त्या वाऱ्यात सुरुवातीच्या एक-दोन होलांवरच कार्ड बिघडल्यामुळे हिरमुसणाऱ्या खेळाडूंकडे पाहून त्यांनी मोजणीची दिशाच फिरवली. वेल्समधील पेनार्थ येथे १८९८ मध्ये अशाच पद्धतीचा एक प्रयोग त्यांनी करून पाहिला होता; तिचे रूढ स्वरूप मे १९३२ मध्ये वॉलेसीत प्रथम खेळले गेले. या पद्धतीत फटके मोजण्याऐवजी गुण मोजले जातात: सवलत धरून पार झाली तर २ गुण, एक फटका कमी लागला तर ३, एक अधिक लागला तर १, आणि त्यापलीकडे शून्य. शून्याखाली कोणी जाऊ शकत नाही. एक फटका सवलत असलेल्या खेळाडूचे चार पारच्या होलवर सहा फटके होऊनही चेंडू बाहेरच राहिला, तर त्याने तो उचलून खिशात टाकावा आणि पुढच्या होलकडे निघावे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. सत्यानाशाची कमाल किंमत दोन गुण. त्यामुळे सहाव्या होलवर कोसळलेला खेळाडू सतराव्या होलपर्यंत स्पर्धेत टिकून राहतो, आणि मागच्या चौकडीचाही खोळंबा होत नाही. अठरा होलांत ३६ गुण म्हणजे हँडिकॅपनुसार झालेला खेळ. त्याची शक्यता पाचांत एक असते हे वर आलेच आहे, त्यामुळे एकतीस-बत्तीस गुण घेऊन परतणाऱ्याने स्वतःला दूषणे देण्याचे काही कारण नाही. गोल्फच्या मानसिक बाजूवर पाश्चात्त्य देशांत कपाटभर पुस्तके निघाली आहेत, आणि त्यांतल्या अनेकांपेक्षा या कोष्टकाने अधिक माणसांची झोप वाचवली असावी.

मॅचप्ले, म्हणजे एकेक होल जिंकण्या-हरण्याचा जुना प्रकार, हेच काम वेगळ्या रीतीने करतो, कारण त्यात दहा फटक्यांनी हरलेला होलही शेवटी एकच होल असतो. एकच चेंडू दोघांनी आळीपाळीने खेळायचा फोरसम हा प्रकार मात्र मैत्रीची कसोटी पाहणारा आहे. नवरा-बायकोने तो जपूनच खेळावा.

महाराष्ट्रात येरवड्याचा पूना क्लब आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लब हे जुने अड्डे आहेत, आणि सिडकोने खारघरच्या खोऱ्यात उभारलेल्या मैदानामुळे क्लबचे सदस्य नसलेल्यांनाही हा खेळ थोडाफार खुला झाला आहे. येथील अनेक जण नोकरीधंद्यात स्थिरावल्यावर, चाळिशीच्या आगेमागे काठी हातात घेतात. ज्यांच्या शब्दाला कचेरीत वजन असते, त्यांना जागच्या जागी पडून असलेला चेंडू जुमानत नाही हा अनुभव पचवणे जड जाते. त्यात पिशवी सांभाळणारा कॅडी त्यांच्याहून सरस खेळणारा असतो आणि काहीही न बोलता सगळे पाहत असतो. अशा खेळाडूला पहिल्याच वर्षी एकूण फटके मोजणाऱ्या मेडल स्पर्धेत उतरवून त्याचे एकशे तीस फटके फलकावर लावणे म्हणजे त्याला या खेळातून हुसकावून लावण्यासारखेच आहे. क्लबांच्या समित्यांनी नवोदितांसाठी महिन्यातून किमान एक स्पर्धा नऊ होलांची आणि स्टेबलफोर्ड पद्धतीची ठेवावी, आणि नवोदितांनीही तशी मागणी करताना संकोच बाळगू नये. जागतिक पद्धतीत नऊ होलांच्या आणि स्टेबलफोर्डच्या फेऱ्याही हँडिकॅपसाठी ग्राह्य धरल्या जातात, त्यामुळे नियमांची आडकाठी त्याला नाही.