लस दिली, आता पाळत हवी

न्यूमोनिया आणि मेंदूज्वर यांना कारण होणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरील लस सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात २०१७ साली काही राज्यांपुरती दाखल झाली आणि २०२१ साली देशभर पोचली. सहाव्या व चौदाव्या आठवड्यांत आणि नवव्या महिन्यात बाळाला ती विनामूल्य टोचली जाते. खाजगी दवाखान्यात हजारो रुपये मोजणाऱ्यांनाच लाभणारे हे संरक्षण झोपडीतल्या अर्भकालाही मिळू लागले, याचे श्रेय सरकारला दिलेच पाहिजे. परंतु लस टोचली की काम संपले, अशी कोणाची समजूत असेल तर ती घातक ठरेल.

या जंतूचे, त्याच्या कवचाच्या रचनेवरून, शंभराहून अधिक प्रकार मोजले गेले आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस त्यांपैकी दहांना आवर घालते. मग उरलेले स्वस्थ बसतील काय? अमेरिकेने २००० साली सात प्रकारांवरील लस सुरू केली. ते सात हटले. पेनिसिलिनला दाद न देणारे कित्येक वाणही त्यांच्याबरोबर ओसरले. पण मोकळ्या झालेल्या जागेत १९-ए हा प्रकार शिरला, आणि तोही अनेक औषधांना न जुमानणारा! हे कळले, कारण तेथे रुग्णांच्या रक्तातील व मणक्यातून काढलेल्या पाण्यातील जंतू वर्षानुवर्षे जमवून तपासले जात होते. २०१० साली तेथे तेरा प्रकारांची लस आली, तीत १९-ए होता. पुण्याच्या लशीतही तो आहे.

आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजासारख्या काही संस्था हे काम निष्ठेने करीत आल्या आहेत. तथापि खरी अडचण प्रयोगशाळेच्या अलीकडचीच आहे. तापाने फणफणलेले मूल रुग्णालयात येईपर्यंत त्याच्या पोटात एखाददुसरे प्रतिजैविक गेलेले असते. मग तपासणीत जंतू वाढावा कसा? २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवण्याचे बंधन औषधविक्रेत्यांवर आहे. ते कितपत पाळले जाते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. (मागच्या तापातली उरलेली बाटली पुढच्या तापाला काढणारी घरे सुशिक्षितांचीही असतात.)

तेव्हा प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गंभीर आजारी बालकाचे रक्त औषधापूर्वी तपासणीस घेतले जावे, आणि कोणते प्रकार वाढले, कोणती औषधे निकामी झाली, याचा अहवाल लशीच्या पुढील खरेदीपूर्वी दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. आरोग्य मंत्रालयाने त्यासाठी कायमची तरतूद करावी. दोन-तीन वर्षांच्या संशोधन-अनुदानावर हे काम चालावयाचे नाही.