बाहेरची कडी

परवा शनिवारी घरच्यांबरोबर शनिशिंगणापूरला जाऊन आलो. घोडेगावचा फाटा सोडला की रसवंत्या लागतात, तिथे थांबलो. चिरंजीव सातवीत. त्यांना दर्शनापेक्षा घरांना दारं नाहीत ह्यातच रस. २०११ साली इथे युको बँकेने कुलूप नसलेली शाखा काढली, हे सांगितल्यावर स्वारी गप्पच झाली. मी म्हटलं, अरे, आपल्या बंदरांचंही सध्या असंच आहे.

झालं असं की आठवडाभर मी माइनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग झाडणारी जहाजं, ह्या विषयावर वाचत होतो. सुरुवात झाली 'एचएमआयएस बेंगॉल'पासून. जेमतेम साडेसहाशे टनांचं हे जहाज, बांधलं सिडनीत. ११ नोव्हेंबर १९४२ ला हिंदी महासागरात 'ओंडिना' ह्या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीला असताना दोन जपानी लढाऊ जहाजं समोर आली, दोन्ही दहा-दहा हजार टनांची. बेंगॉलवर मोठी अशी एकच तोफ. कप्तान विल्सन ह्यांनी ओंडिनाला निघून जायला सांगितलं आणि आपलं जहाज सरळ जपान्यांच्या अंगावर घातलं. शेवटी 'होकोकू मारू' स्फोट होऊन बुडाली, आणि बेंगॉल व ओंडिना दोन्ही वाचल्या. गोळा नक्की कोणाचा लागला ह्यावर लोक अजून भांडतात. भांडू देत.

पण गंमत बघा, बेंगॉलचं नाव राहिलं ते तोफेमुळे. तिचं खरं काम होतं मागे पोलादी दोर ओढत तासन् तास सरळ रेषेत जायचं. तळाशी साखळीने बांधलेला सुरुंग त्या दोराने सुटतो, वर येतो, मग तो गोळ्या घालून फोडायचा. पुढे जहाजाच्या लोखंडावर आणि आवाजावर फुटणारे सुरुंग आले. काही तर मोजणारे! पहिली चार जहाजं सोडतात आणि पाचव्याला फुटतात. आमच्या धंद्यात अशा बगला काय म्हणतात ते इथे लिहिता येत नाही. अशा कामात यश म्हणजे काहीच न घडणं. बॅकअप घेणाऱ्या माणसाला कधी टाळ्या मिळाल्यात?

फाळणीत असे १६ माइनस्वीपर वाटले गेले, १२ आपल्याला, ४ पाकिस्तानला. बेंगॉल १९६० साली भंगारात गेली. १९७८ ते १९८८ दरम्यान सोव्हिएत बनावटीची १२ जहाजं आली. 'रत्नागिरी', 'कोकण' ही नावं त्यांच्यातलीच. ती म्हातारी झाली. 'कारवार' आणि 'काकीनाडा' ९ मे २०१७ ला मुंबईत निवृत्त झाल्या, शेवटची 'कोझिकोड' १३ एप्रिल २०१९ ला. त्यानंतर शून्य. कोरियन कंपनीबरोबरचा व्यवहार २०१४ ला रद्द. पुन्हा गोवा शिपयार्डमध्ये बांधायचं ठरलं, सुमारे ३२,००० कोटींचं काम, तेही २०१८ ला रद्द.

पाणबुड्या घ्या, विमानवाहू नौका घ्या, माझी ना नाही. पण त्या बंदरातून बाहेर कशा पडणार? चितगावचं बघा. १९७१ च्या युद्धानंतर ते बंदर साफ करायला सोव्हिएत नौदल १९७२ ते १९७४ तिथे होतं. न्हावा-शेवा दोन वर्षं सोडा, दोन आठवडे बंद राहिलं तर काय होईल? सुरुंग स्वस्त, टाकायला सोपा, आणि तो खरंच टाकलाय का हेदेखील शोधल्याशिवाय कळत नाही. नुसती अफवासुद्धा पुरते.

हे सगळं रस पिता पिता चिरंजीवांना ऐकवलं. ते म्हणाले, "मग हे शिंगणापूरसारखं कुठे झालं, बाबा? इथे दारच नाहीये. तिथे दार आहे आणि कोणीतरी बाहेरून कडी घालून जाणार." बरोबर आहे त्याचं. माझी उपमा चुकली.

जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने नव्या सुरुंगविरोधी जहाजांना मंजुरी दिली. ही पहिली पायरी, आणि पायरीवरून दोनदा परत फिरलेलो आहोत. पहिलं जहाज पाण्यात उतरलं की त्यावर नक्की लिहीन. तोवर चिरंजीव बहुधा कॉलेजात असतील.