गणिते सुटतात, बल कळत नाही

महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाचा आरंभ यांत्रिकीने होतो. कणाची गती, न्यूटनचे नियम, कार्य आणि ऊर्जा, संवेग, परिभ्रमण, गुरुत्वाकर्षण, दोलने एवढा ऐवज साधारण एका सत्रात शिकवला जातो. बी.एस्सी. असो वा अभियांत्रिकी, पहिल्या वर्षाचा हा क्रम थोड्याफार फरकाने तोच असतो. अमेरिकेतील एमआयटीत तर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला हा विषय पूर्ण केल्याशिवाय पदवी मिळत नाही.

या अभ्यासक्रमाविषयीचा प्रचलित पक्ष असा: यात नवे काही नाही. अकरावी-बारावीत आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीत हे सारे होऊन गेलेले असते, महाविद्यालयात त्याला फक्त कलनाची जोड मिळते. ज्याला गणिते सुटतात त्याला विषय समजला, ज्याला सुटत नाहीत त्याचे गणित कच्चे. तेव्हा स्पष्ट व्याख्यान, फळ्यावर सोडवलेली भरपूर उदाहरणे आणि घरी सराव, हाच राजमार्ग. या पक्षात तथ्य आहे. सरावावाचून यांत्रिकी कोणालाच आलेली नाही, आणि एच. सी. वर्मा यांच्या पुस्तकातील प्रश्नांशी झगडून भारतातील कित्येक विद्यार्थी घडले, हेही खरे. प्रश्न एवढाच की, गणित सुटणे हा समज आल्याचा पुरावा ठरतो का.

तो ठरत नाही. एक चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटल्यावर तो वर जात असताना, हवेचा विरोध सोडून दिल्यास, त्यावर कोणकोणती बले असतात? उत्तर एकच आहे, गुरुत्वाकर्षण. चेंडू वर जात असो, टोकाला क्षणभर थांबलेला असो किंवा खाली येत असो, बल तेच, तेवढेच आणि खालच्याच दिशेने. जॉन क्लेमंट यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वर उडवलेल्या नाण्याविषयी हाच प्रश्न विचारला होता. बहुसंख्यांनी वरच्या दिशेने हाताचे बल दाखवले. यांत्रिकीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांतही बहुसंख्य उत्तरे चुकीचीच निघाली. असा विद्यार्थी त्याच चेंडूची कमाल उंची मात्र बिनचूक काढू शकतो, कारण त्या सूत्रात हाताच्या बलाला जागाच नाही. चूक मनात राहते आणि उत्तर बरोबर येते. परीक्षेला तिचा पत्ताच लागत नाही.

या चुकीला मोठी परंपरा आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदानने असे मांडले होते की, फेकणारा वस्तूत काही जोर भरून देतो आणि तो जोर तिला पुढे नेत राहतो. गती टिकवायला बल लागत नाही, गती बदलायला लागते, हा विचार निःसंदिग्ध नियम म्हणून प्रस्थापित व्हायला न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’पर्यंत, म्हणजे १६८७ पर्यंत, वाट पाहावी लागली. चुकणारा विद्यार्थी मंद नसतो. तो घर्षणाच्या जगात वाढलेला असतो. ढकलणे थांबले की हातगाडी थांबते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले आहे, आणि त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष शहाण्या माणसांनी शतकानुशतके काढलेलाच आहे. तो निष्कर्ष ‘जडत्वाचा नियम लिहा’ या दोन गुणांच्या प्रश्नाने हलत नाही.

एक माणूस चांगले व्याख्यान देतो आणि ऐकणाऱ्याची समज बदलते, ही दुसरी गृहीत गोष्ट. तिची कसोटी लागली ती डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली तयार केलेल्या चाचणीतून. तिच्यात आकडेमोड नाही. केवळ बल आणि गती यांविषयीचे साधे प्रश्न आहेत, आणि चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्या समजुतींवरून घेतलेले आहेत. तिच्या आधीची हेस्टेनिस यांचीच अशी एक चाचणी हार्वर्डचे एरिक माझूर यांनी आपल्या वर्गाला दिली तेव्हा वर्गातून विचारणा झाली की, उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे द्यायची की मला वाटते त्याप्रमाणे. या प्रश्नात सारा रोग उघडा पडतो. शिकवलेले एका कप्प्यात आणि वाटणारे दुसऱ्या कप्प्यात, दोन्ही शेजारी सुखाने नांदतात.

रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे अशाच चाचण्यांतील अभ्यासक्रमाआधीचे आणि नंतरचे गुण एकत्र केले. सुधारणेला जेवढा वाव होता त्यापैकी पारंपरिक व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी सुमारे २३ टक्केच साधला गेला. जिथे विद्यार्थ्यांना वर्गातच भाकीत करायला, वाद घालायला आणि उत्तर तपासायला लावले, तिथे ४८ टक्के. हेक यांच्याकडे माहिती शिक्षकांनी स्वतःहून पाठवली होती, त्यामुळे नमुना निवडक होता हा आक्षेप रास्त आहे. पण २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा व्याख्यानाच्या वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के आणि सक्रिय वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. दिशा तीच राहिली.

आता ‘फक्त कलनाची जोड’ या म्हणण्याकडे. इथे प्रचलित पक्ष कलनाला फारच कमी लेखतो. पावसाचा थेंब घ्यावा. एक किलोमीटर उंचीवरून तो हवेच्या विरोधाशिवाय पडला, तर बारावीच्या सूत्राने जमिनीवरचा वेग सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरहून अधिक येतो. अशा पावसात कोणी उभे राहू शकले नसते. प्रत्यक्षात मोठा थेंबही सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगानेच येतो. सूत्र खोटे नाही, ते इथे लागूच नाही. ते स्थिर त्वरणासाठी आहे, आणि थेंबाचे त्वरण वेग वाढेल तसे घटत जाऊन शून्याला टेकते. हवेचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो वजनाइतका झाला की वेग स्थिर होतो. थेंब खाली येतच राहतो आणि त्यावरील एकूण बल मात्र शून्य असते. वर फेकलेल्या चेंडूने जी समजूत उघडी केली, तिला हा थेंब दुसऱ्या बाजूने धक्का देतो. शाळेत नियम म्हणजे आकडे घालायचे सूत्र होते. महाविद्यालयात तो क्षणाक्षणाच्या बदलाचे समीकरण होतो. ही जोड नव्हे, विषयाचे रूपच बदलते. म्हणूनच ‘आधी कलन पक्के करा, मग यांत्रिकीकडे या’ हा सल्लाही अर्धाच बरोबर आहे. विकलन म्हणजे काय, हे बहुतेकांना पहिल्यांदा खरे कळते ते बदलत्या वेगाशी झुंजतानाच.

यांत्रिकी कालबाह्य झाली, पुंजभौतिकीपासून सुरुवात करावी, असेही अधूनमधून म्हटले जाते. त्याला लांब उत्तराची गरज नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ चा लँडर चंद्रावर उतरला तो न्यूटनच्याच नियमांनुसार, आणि ऊर्जा, संवेग व कोनीय संवेग यांची अक्षय्यता पुंजभौतिकीतही तशीच उभी आहे.

मग अभ्यासक्रमाने करावे काय? पहिली गोष्ट, बलाची ओळख आकृतीने व्हावी आणि प्रत्येक बाणाला ‘कोणाचे, कोणावर’ हे दोन शब्द लावल्याशिवाय तो काढू देऊ नये. चेंडूवरचे हाताचे बल या अटीतच गळून पडते, कारण सुटलेल्या चेंडूला हात लागलेलाच नसतो. टेबलावरील पुस्तकाचेही तसेच. पुस्तकाचे वजन आणि टेबलाची लंब प्रतिक्रिया यांना तिसऱ्या नियमाची जोडी समजण्याची चूक फार पसरलेली आहे. ती खोडायला तर्क पुरेसा आहे. तेच टेबल वर वेग घेणाऱ्या लिफ्टमध्ये ठेवले तर लंब प्रतिक्रिया वजनापेक्षा मोठी होते. तिसऱ्या नियमातील दोन बले कधीच असमान होत नाहीत, तेव्हा ही ती जोडी असूच शकत नाही. शिवाय दोन्ही बले एकाच पुस्तकावर आहेत. पुस्तकाच्या वजनाची जोडी म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला वर ओढणे. दोन मिनिटांचा हा युक्तिवाद वर्गाने स्वतः शोधला तर पंधरा मिनिटे लागतात, आणि ती पंधरा मिनिटे द्यायलाच हवीत.

दुसरी गोष्ट, संदर्भ चौकटीला उशिराचे आणि ऐच्छिक प्रकरण मानू नये. वळणावर बसमध्ये बाहेर ढकलले जाण्याचा अनुभव सर्वांना आहे, आणि ते ढकलणे कोणाचे, याचे उत्तर रस्त्यावर उभे राहून पाहिल्याशिवाय मिळत नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राशी निगडित सुधीर पानसे, जयश्री रामदास आणि अरविंद कुमार यांनी १९९४ साली संदर्भ चौकटींविषयीच्या विद्यार्थ्यांच्या पर्यायी समजुतींवर स्वतंत्र संशोधन प्रसिद्ध केले. विषय इथल्याच वर्गांना किती लागू आहे, हे त्यातून दिसते.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. म्हणून काही गाळावे लागेल. चकती, कडे, दंड, पोकळ गोल यांच्या जडत्व-आघूर्णांच्या एकापाठोपाठ एक सिद्धता हा गाळण्याजोगा भाग आहे. एक-दोन पुरतात, बाकीची सूत्रे तक्त्यात देता येतात. कोनीय संवेगाला मात्र हात लावू नये.

आणि प्रश्नपत्रिका बदलल्याशिवाय यातले काहीच टिकणार नाही, कारण विद्यार्थी परीक्षेपुरतेच शिकतो हा त्याचा दोष नसून परीक्षेचा परिणाम आहे. विहिरीतून १० किलोची बादली स्थिर वेगाने वर ओढली जात असता दोराचा ताण वजनापेक्षा जास्त, कमी की तेवढाच, आणि का, असा प्रश्न प्रत्येक पत्रिकेत असावा. ताण नेमका ९८ न्यूटन असतो. बादली वर जाते म्हणून तो जास्त असला पाहिजे, असे ज्याला वाटते त्याची बल आणि वेग यांत गल्लत झालेली आहे. सेकंदाला सेकंदामागे १ मीटर त्वरण असते तर तो १०८ न्यूटन झाला असता, हे आकडे त्यानंतर विचारावेत आणि निम्मे गुण ‘का’ या शब्दासाठी राखून ठेवावेत.