डीटीपीवाल्यांनो, 'क्रॅक' कॉपी महाग पडते

नांदेड-लातूरला लग्नपत्रिका, बिलबुके आणि फ्लेक्स करणारे आपले बरेच बांधव एकाच संगणकावर मराठी व उर्दू दोन्ही जुळवतात. त्यावरचे कोरल ड्रॉ, फोटोशॉप, इनपेज बहुधा कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेले असते. हलालच्या कमाईचा प्रश्न तर आहेच, पण आम्ही धंद्याचे बोलतो. 'क्रॅक' चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करा, असे सांगतात. म्हणजे किल्ली आपणच चोराच्या हाती देतो. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभर फायलींना कुलूप घालून 300 डॉलरपासून खंडणी मागितली. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण अपडेट बंद ठेवणारे उघडेच राहिले. ऐन लग्नसराईत असे झाले तर गिऱ्हाइकाला काय सांगणार? शिवाय कॉपीराइट कायद्याचे कलम 63-ब आहे: जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद, 50 हजार ते 2 लाख दंड.

कोरलऐवजी इंकस्केप, फोटोशॉपऐवजी गिंप, चार रंगांच्या ऑफसेट कामाला स्क्रायबस. सगळे फुकट आणि धंद्यालाही कायदेशीर. अक्षरांसाठी मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्ता व बलू, उर्दूला गुगलचा नोटो नस्तालिक. अडचण एकच, पण खरी: जुन्या कोरल फायली इंकस्केपमध्ये पुष्कळदा विस्कटतात, जुन्या फॉन्टमधला मजकूर पुन्हा टाइप करावा लागतो. तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नमुने आधी पीडीएफ करून ठेवावेत, आणि येत्या सीझनची पहिली पत्रिका नव्यावर जुळवून पाहावी.